बकेट वाकली? घण मारण्याआधी खडू आणा

उन्हाळा लागला की नारायणगडाच्या आसपास तलावातला गाळ शेतात नेण्याची घाई सुरू होते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली आली. जेसीबी तर आता लहान लेकरंही लांबून ओळखतात. ज्या गटानं कर्ज काढून ट्रॅक्टरला लोडर बसवलाय, त्यांच्यासाठी आज बोलायचंय. बकेट वाकली की काम थांबतं, बँकेचा हप्ता थांबत नाही. आणि पाऊस पडला की हंगामच गेला.

बकेट वाकते कशानं? ती मोकळी माती, मुरूम, गाळ भरायला केलेली असते. आपल्याकडं वीतभर मातीखाली काळा पाषाण लागतो. ड्रायव्हर बकेटीचा एकच कोपरा धोंड्याखाली घालून पहारीसारखा उचकटतो, सगळा जोर त्या कोपऱ्यावर येतो आणि पत्रा पिळवटतो.

किती वाकलीय हे डोळ्यानं कळत नाही. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. तोंडाच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरा, फट दिसेल. मग तोंडाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांची तिरपी मापं घ्या. दोन्ही सारखी नसली तर बकेट पिळली आहे.

खरा धोका वाकण्यात नाही, चिरेत आहे. चीर बहुतेक जुन्या वेल्डिंगच्या कडेला असते. तिथली माती खरवडा, डिझेल लावा, थोड्या वेळानं कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. चिरेतलं डिझेल वर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. हे काम तुम्ही वेल्डर येण्याआधी करू शकता. वेल्डिंगआधी मात्र ते डिझेल पूर्ण साफ झालं पाहिजे.

थंड पत्र्यावर घण घालू देऊ नका, बारीक चीर लांब होते. वाकलेला भाग गॅसनं तापवून, साखळी आणि जॅक लावून हळूहळू ओढायचा. नंतर पाणी ओतायचं नाही, आपोआप निवू द्यायचा. तोंडाची पट्टी कडक लोखंडाची असते. ती लाल करून सरळ केली तर मऊ पडते, लवकर झिजते. फार वाकली असेल तर बदललेलीच स्वस्त पडते.

चिरेवर नुसता पत्र्याचा तुकडा ठोकणारा वेल्डर मला तरी नको. आत चीर तशीच राहते. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढं सरकत नाही, मग ग्राइंडरनं खाच करून तळापासून भरायची. रॉड ७०१८ नंबरचा, कोरडा ठेवलेला. गेटखिडक्यांना वापरतात तो साधा रॉड इथं टिकत नाही.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायला लावा. अर्थिंगचा चिमटा बकेटीवरच, जोडाच्या जवळ हवा. लांब लावला तर करंट पिना-बुशांतून जाऊन ते जळतात. आणि वर उचललेल्या बकेटीखाली कुणीही शिरायचं नाही, जॅकचा पाइप फुटला तर ती क्षणात खाली येते.

पिनांची भोकं एका रेषेत येत नसतील तर गावात खटपट न करता वर्कशॉपला न्या. दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी अर्धीच बकेट भरा, आणि संध्याकाळी पुन्हा खडू चोळून जोड बघा.