गाडीला पाणी कोणते घालता?

होळी झाली की वऱ्हाडात ऊन चढायला लागते. चैत्र-वैशाखाचे तर विचारूच नका. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता, हे आपल्याला आठवतच असेल. याच दिवसांत लग्नसराई, याच दिवसांत बी-बियाण्यांची धावपळ, आणि याच दिवसांत रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या. मूर्तिजापूर रोडने जा, अकोट रोडने जा, नाहीतर परतवाड्याकडे जा. कडुनिंबाच्या सावलीत एखादी जुनी मारुती वाफ सोडत उभी दिसतेच.

मालक म्हणतो, गाडी जुनी झाली, म्हणून तापते. जाणता मिस्त्री मात्र आधी वेगळेच विचारतो, "भाऊ, गाडीले पानी कोनतं टाकता?" आणि दहातल्या आठ वेळा उत्तर येते, "बोरचं! दुसरं कोनतं टाकू?"

इथेच सारे दुखणे आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरी खपली धरते. तीच खपली गाडीच्या इंजिनातही धरते. फरक एवढाच की बादलीतली दिसते आणि इंजिनातली दिसत नाही.

होते असे. इंजिनाच्या भिंतींमधून पाणी फिरते, तिथली उष्णता घेते, पुढच्या रेडिएटरमध्ये येऊन थंड होते आणि परत जाते. रेडिएटरच्या नळ्या अगदी बारीक असतात. क्षाराचे पाणी गरम भिंतीला लागले की क्षार तिथेच बसतात, आणि हळूहळू नळ्याही बुजू लागतात. थोडे पाणी उडाले की आपण पुन्हा बोरचेच भरतो, म्हणजे प्रत्येक भरणीला क्षारांची नवी भर. शिवाय पाण्यातले मीठ धातू खाते ते वेगळेच.

कोणी म्हणेल, आमच्या आजोबांच्या जीपमध्ये जन्मभर विहिरीचे पाणी घातले, काही झाले नाही. खरे आहे. त्या जीपचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते. गळले की झाळ लावून आणायचे, बुजले की खोलून साफ करायचे, आणि जीप पुन्हा शेतात. आजच्या बहुतेक गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, वरखालच्या टाक्या प्लास्टिकच्या आणि इंजिनाचे हेडही ॲल्युमिनियमचे. त्याला खारे पाणी सोसत नाही, आणि झाळही लागत नाही. हेड तापून वाकले की काम हजारोंच्या घरात जाते. कुलंटचा डबा त्यापुढे काहीच नाही.

तेव्हा गाडीत पाणी नव्हे, कुलंट घाला. बाजारात दोन तऱ्हेचे मिळते: एक तयार, तसेच ओतायचे, दुसरे घट्ट, ज्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे लागते. किती मिसळायचे ते डब्यावर लिहिलेले असते, बहुधा निम्मे-निम्मे. घट्ट कुलंट आणून त्यात बोरचे पाणी मिसळले तर सारा खर्च पाण्यात! साधे पाणी १०० अंशांना उकळते. कुलंट आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब मिळून ही मर्यादा १२० च्या पुढे जाते. वैशाखातल्या दुपारी हेच वरचे वीस अंश कामी येतात. वेगवेगळ्या जातींची कुलंटे मात्र एकमेकांत मिसळू नका. रंग सारखा म्हणजे जात सारखी, असेही नाही. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक पाहा.

आजवर बोरचे पाणी भरत आला असाल तर आधी ते काढा. हे काम घरी होते. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडा आणि रेडिएटरच्या खालची तोटी सोडा. तोटी नसेल तर खालचा पाईप ढिला करा. खाली घमेले ठेवा. सगळे निथळले की बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरा. गावात आरओचे कॅन येत असतील तर केवळ धुण्यापुरते तेही चालेल. आता हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी चालू करा, वरचा पाईप हाताला गरम लागला की बंद करा. पूर्ण थंड होऊ द्या (इथे घाई नको), मग पुन्हा काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीन वेळा असे करून शेवटी कुलंट भरा. लहान गाडीत साधारण चार लिटर बसते. पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी पातळी पाहा, कारण आत अडकलेली हवा निघाली की ती खाली जाते.

क्षार फारच धरले असतील तर घरी ॲसिड ओतण्याचा उद्योग करू नका. क्षाराबरोबर ॲल्युमिनियमही जाते. ते काम मिस्त्रीवर सोपवा. आणि मिस्त्रीने "थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी थंडी राहीन" असे म्हटले तर हात जोडा. आपल्याकडे ही खोड जुनी आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला येतच नाही, तेल जास्त जळते आणि मूळ दुखणे झाकले जाते. बिघडला असेल तर नवा बसवा.

आणखी एक खास आपल्या भागातली गोष्ट. तूर-सोयाबीनच्या मळणीत कुटार उडते. शेतात गाडी नेली की ते रेडिएटरच्या पुढच्या जाळीत जाऊन बसते, वर धूळ, आणि वारा आत शिरतच नाही. मऊ ब्रश आणि साध्या नळाची धार पुरे. जोराच्या धारेने जाळीची पाती वाकतात. हे करताना पंख्यापासून बोटे लांब ठेवा. विजेवरचा पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

वाटेत काटा चढला तर

तापमानाचा काटा वर जाऊ लागला की "पुढच्या फाट्यापर्यंत जाईन" हा विचार सोडा. एसी बंद करा, हीटर लावा. घाम निघेल, पण इंजिनातली थोडी उष्णता बाहेर पडते. सावली पाहून थांबा, इंजिन बंद करा. झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नका. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उडून भाजलेले लोक आपण पाहिले आहेत. तापलेल्या इंजिनावर वरून गार पाणी ओतणे हा दुसरा वेडेपणा; हेडला तडा जातो. थंड झाल्यावर बाटलीतले पिण्याचे पाणी भरा. नाइलाज असेल तर बोरचेही भरा आणि घर गाठा, पण दुसऱ्या दिवशी ते काढायला विसरू नका.

निघण्याआधी तेलाची डिपस्टिक काढून पाहा. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी तेलात गेले आहे. मग गाडी चालूच करू नका, ओढून न्या.

हे एवढे सविस्तर सांगायचे कारण असे की खेड्यातली गाडी ही फक्त मालकाची नसते. रात्री दोनला कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, कोणाला साप चावला, तर १०८ ची गाडी येईस्तोवर याच गाडीचे दार वाजते. दर्यापूरहून अमरावती पन्नासेक किलोमीटर. मध्येच वाफ सोडून थांबणाऱ्या गाडीत पेशंट असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

कुलंटबद्दल एक इशारा. ते विषारी आहे आणि चवीला गोडसर लागते. काढलेले कुलंट अंगणात, नालीत किंवा गुरांच्या टाक्याजवळ ओतू नका. शेळी, कुत्रे, लहान लेकरू, कोणीही तोंड लावेल. झाकणाच्या डबक्यात भरून गॅरेजवर द्या.

बॅटरी आणि टायर

बॅटरीलाही पाण्याचाच नियम. झाकणे असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही प्लेटा बुडून खुणेपर्यंत. आरओचे नाही, एसीतून ठिबकलेले नाही. ॲसिड तर कधीच नाही. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, म्हणून बिडी आधी विझवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने घासा. वायर काढताना आधी उणे, लावताना शेवटी उणे.

टायरची हवा सकाळी, गाडी चालण्याआधी तपासा. किती हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. धावून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती काढू नका. लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, वेग वाढला, पण आपले टायर जुनेच राहिले! नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टायर कायद्यानेही बाद. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड टायर घेताना हे आकडे वाचा, दुकानदाराचे तोंड नव्हे.

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, सीएनजीची किट आणि एसीचा गॅस यांना घरी हात लावू नका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर शिरूच नका. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो. चाक बदलायचे तर खाली रुंद फळी टाका आणि दुसऱ्या चाकाला दगड लावा.

यंदा जुनी गाडी घेण्याचा विचार असेल तर सौदा सकाळी, गाडी थंड असताना ठरवा. मालकाने आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर चहा प्या, वाट पाहा. मग पहिल्यांदा रेडिएटरचे झाकण उघडा. आत रंगीत, स्वच्छ कुलंट असेल तर पुढे बोला. तांबूस पाणी आणि झाकणाला पांढरी खपली दिसली, तर ती गाडी खारपाणपट्ट्यात बोरवर वाढली आहे असे समजा आणि किंमत त्या हिशेबाने सांगा.