कुन्नूरचा चहा : नमुना, बोली आणि दाणा

निलगिरीच्या डोंगरातील कुन्नूर हे इंग्रजांच्या अमदानीत वाढलेले थंड हवेचे गाव. कोइंबतूरहून मेट्टुपाळयमला जावे. तेथून दातेरी रुळाची छोटी आगगाडी घाट चढते. ती १८९९ साली कुन्नूरपर्यंत पोहोचली. चोहोकडे चहाचे मळे. लोक सिम्स पार्क पाहून, दोन पाकिटे चहा घेऊन परततात. तिजारत करणाऱ्याने मात्र तिथला चहाचा लिलाव समजून घ्यावा. तो १९६३ पासून चालतो.

कारखान्याचा माल दलालाकडे येतो. दलाल प्रत्येक लॉटचा नमुना काढून खरेदीदारांकडे आधीच पाठवतो. जाणकार तो चाखून भाव ठरवतात, मग बोली. आता बोली संगणकावर लागते, त्यामुळे पूर्वीचा आरडाओरडा उरलेला नाही. बोली लावण्यासाठी टी बोर्डाकडे नोंदणी लागते. लहान दुकानदाराने नोंदणीकृत खरेदीदारामार्फतच माल घ्यावा.

लिलाव शरीअतमध्ये जायज आहे. एका गरजू अन्सारी सहाबींची चादर आणि प्याला हुजूर (स.) यांनी स्वतः बोली लावून दोन दिरहमला विकून दिला, ही हदीस मशहूर आहे. मनाई आहे ती नजशची, म्हणजे स्वतःला घ्यायचे नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावण्याची. नमुना एक आणि माल दुसरा, हाही धोकाच. आमच्या कापडाच्या धंद्यात ताग्याचा वरचा पदर साफ आणि आत गाठी निघतात. चहाच्या पोत्यातही तसे होऊ शकते. म्हणून पोते मधून उघडून पाहावे.

नवख्या माणसाची फसगत होते ती नावांवरून. बीओपी, फॅनिंग्स, डस्ट ही नावे दाण्याच्या आकाराची आहेत, दर्जाची नव्हेत. डस्ट म्हणजे कचरा नव्हे. बारीक दाणा लवकर उतरतो आणि रंग गडद देतो, म्हणून हॉटेलवाले तो पसंत करतात. सीटीसी म्हणजे यंत्रात चिरडून गोळी केलेला चहा, दुधाला चालणारा. ऑर्थोडॉक्स म्हणजे वळलेली पत्ती. तिचा सुवास बिनदुधाच्या चहात कळतो. दुधाच्या गिऱ्हाइकाला ती महाग पत्ती देऊ नये, परत येईल.

सुटा चहा घेताना गाळणकागदावर चिमूटभर पत्ती पसरून पाणी शिंपडावे. लगेच रंगाचे डाग उमटले तर त्यात वरून रंग घातला आहे. लोखंडाच्या किसासाठी पत्तीवरून लोहचुंबक फिरवावा. दोन्ही तपासण्या दुकानदारासमोरच कराव्यात; खरा माल विकणारा त्याचे वाईट मानत नाही.