राज्य लहान, गोष्ट मोठी

अमेरिकेतल्या राज्यांच्या गमती आपण चवीने वाचतो. रशियाने १८६७ मध्ये अलास्का अवघ्या ७२ लाख डॉलरला विकला, हे वाचून थक्क होतो. पण अशी नवले शोधायला सातासमुद्रापार कशाला जायचे?

१९४८ पूर्वी सोलापूरहून निघालेला माणूस अक्कलकोटला भोसल्यांच्या राज्यात, नळदुर्गला निजामाच्या आणि मंगळवेढ्याला चक्क सांगलीच्या पटवर्धनांच्या राज्यात पोहोचत असे! आज मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यातच आहे.

पण खरे नवल औंध संस्थानाचे. गावे ७२, तीही विखुरलेली. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी सांगली जिल्ह्यात. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रसारक म्हणून आपल्याला ठाऊक असतात. याच राजाने १९३९ मध्ये, गांधीजींचा सल्ला घेऊन, आपली सत्ता रयतेच्या हाती सोपवली. कुणी हिसकावून घेतली नव्हती बरे!

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. हा बिनभिंतींचा तुरुंग. कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचे, पळायचे मात्र नाही. या प्रयोगावरून गदिमांना कथा सुचली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला. संस्थान विलीन झाले. ती वसाहत मात्र टिकली.

राज्य केवढे, हे नकाशा सांगतो. राज्यकर्त्याचा माणसावर किती विश्वास होता, हे मात्र अशा गोष्टींतूनच कळते. आपले गाव पूर्वी कोणत्या राज्यात होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)