घरच्या नानकटाईची मांडणी : समारंभात वाटताना घ्यावयाची काळजी

धडगाव (अक्राणी) तालुका सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेला आहे. ज्वारी, मका, भगर ही येथील शेतकऱ्यांची जुनी पिके. मका आणि ज्वारीच्या गावरान वाणांचे जतन करण्याचे काम येथील शेतकऱ्यांनी बायफ संस्थेच्या साहाय्याने केले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केल्यानंतर या धान्यांच्या बिस्किटांकडे व नानकटाईकडे लोकांचे लक्ष वळले. बचत गटांच्या भगिनी आता हे पदार्थ घरी करून होळी, लग्नकार्य, शाळेचा कार्यक्रम किंवा शेतकरी मेळाव्यात वाटतात.

परंतु पदार्थ चांगला होऊनही तो पुष्कळदा ताटात तसाच उरतो. एका बैठकीत प्रस्तुत लेखकाने हे पाहिले आहे. ज्वारीची नानकटाई वर्तमानपत्रात गुंडाळून मोठ्या डब्यात आणली होती. डबा उघडला तेव्हा निम्मी नानकटाई मोडलेली होती, उरलेली मऊ पडली होती आणि कागदाला तुपाचे डाग पडले होते. शेजारीच दुकानातील बिस्किटांचे पुडे होते. पाहुण्यांनी पुडे संपविले. करणाऱ्या भगिनीने निमूटपणे डबा बंद केला. चवीत काहीच उणे नव्हते. उणे होते ते थंड करणे, नेणे व मांडणे यांत. भरडधान्य म्हणजे हलके खाणे, असा समज असलेला पाहुणा ताटावरूनच धान्याची परीक्षा करतो. म्हणून मांडणीला केवळ सजावट समजू नये.

एकसारखा आकार : चांगल्या मांडणीची सुरुवात परातीतच होते. २५० ग्रॅम पीठ, १२५ ग्रॅम तूप व १२५ ग्रॅम पिठीसाखर घेतल्यास ५०० ग्रॅम गोळा तयार होतो. त्याचे प्रत्येकी २० ग्रॅमचे २५ गोळे करावेत. वजनकाटा नसल्यास एकाच चमच्याने माप घ्यावे. आकार सारखा असला म्हणजे सर्व नग सारखे भाजले जातात व ताटात नीट बसतात. ज्वारी, मका व भगरीच्या पिठात गव्हाप्रमाणे चिकटपणा धरणारे ग्लुटेन नसते, त्यामुळे त्यांची नानकटाई लवकर भुगा होते. प्रवासासाठी करावयाची असल्यास एकूण पिठात एक तृतीयांश गव्हाचे पीठ मिसळावे. या नानकटाईचा रंग थोडा मंद दिसतो. भाजण्यापूर्वी प्रत्येक नगाच्या मध्यभागी चारोळीचे दोन-तीन दाणे हलकेच दाबून बसवावेत.

पूर्ण थंड करणे : भट्टीतून किंवा जाड बुडाच्या पातेल्यातून काढलेली नानकटाई मऊ असते. ती लगेच हलवू नये. दहा मिनिटांनी जाळीवर किंवा स्वच्छ, कोरड्या सुपात एकाच थरात पसरावी आणि पूर्ण गार होऊ द्यावी. गरम नानकटाई डब्यात भरल्यास तिची वाफ झाकणाला लागून पाणी होते व तेच पाणी पुन्हा पदार्थात उतरते. नानकटाई मऊ पडण्याचे हे मुख्य कारण आहे. पावसाळ्यात हवेतच ओलावा असल्याने ती फार वेळ उघडी ठेवू नये. गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी.

नेण्याची पद्धत : धडगावहून चांदसैली घाटाने तळोद्याकडे जाताना वळणावळणांवर डबा हलतो. यासाठी उथळ डबा निवडावा. तळाशी बटर पेपर घालून नानकटाई रुपयांच्या चळतीप्रमाणे आडवी, एकमेकींना टेकून लावावी. दोन ओळींमध्ये बटर पेपरची पट्टी घालावी. मोकळ्या जागेत चुरगळलेला बटर पेपर भरावा. झाकण लावून डबा हळूच हलवून पाहावा. आतून आवाज आल्यास अजून जागा मोकळी आहे असे समजावे. साबण, अगरबत्ती, कांदा किंवा मसाले यांच्याजवळ डबा ठेवू नये. स्निग्ध पदार्थ वास चटकन ओढून घेतो. वर्तमानपत्राचा कागद मात्र कटाक्षाने टाळावा. त्याची शाई आरोग्यास घातक असते व २०१८ च्या वेष्टन नियमांनुसार अन्न गुंडाळण्यास किंवा ठेवण्यास तो वापरण्यास मनाई आहे.

पाने, टोपली व ताट : ताट घरून भरून नेऊ नये; मांडणी समारंभाच्या जागीच करावी. आपल्या भागात पळसाची पाने व बांबूच्या टोपल्या सहज मिळतात. थर्मोकोलच्या ताटल्यांपेक्षा त्या अधिक शोभतात. शिवाय थर्मोकोल व प्लॅस्टिकच्या एकदाच वापरण्याच्या ताटल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. मात्र पान ओले असेल तर नानकटाई खालून मऊ पडते. पाने ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवावीत. पत्रावळ टाचलेल्या काड्या सैल झालेल्या नाहीत ना, हे तपासावे. सागाचे कोवळे पान वापरू नये, त्याचा तांबडा रंग पदार्थाला लागतो.

टोपलीत पळसाचे पान, त्यावर बटर पेपर आणि मग नानकटाई ठेवावी. ढीग करू नये. खालचे नग दबून फुटतात. कडेपासून सुरुवात करून प्रत्येक नग आधीच्या नगावर थोडा टेकवत गोल मांडावा. एकच मोठे ताट भरण्याऐवजी लहान ताट ठेवून ते दोन-तीन वेळा भरावे. अर्धे रिकामे, भुगा पडलेले ताट पाहून पुढचा पाहुणा हात घालत नाही. मोडलेले नग ताटात ठेवू नयेत, ते घरी मुलांना दुधात द्यावेत. गर्दीच्या कार्यक्रमात प्रत्येकी दोन नग लहान द्रोणात घालून दिल्यास वाटप लवकर होते व अनेकांचे हात लागत नाहीत. ताटावर जाळीचे झाकण व शेजारी चिमटा ठेवावा. ताटात उरलेली नानकटाई पुन्हा मूळ डब्यात टाकू नये.

नावाची चिठ्ठी : ताटासमोर पुठ्ठ्याची छोटी चिठ्ठी ठेवावी. तीवर पदार्थाचे नाव, धान्य, गाव व केल्याची तारीख ठळक अक्षरात लिहावी. उदाहरणार्थ : ‘ज्वारीची नानकटाई, ज्वारी आमच्या शेतातील, धडगाव.’ गहू, शेंगदाणे, तीळ किंवा दूध वापरले असल्यास तेही लिहावे, कारण काहींना ते चालत नाहीत. पाहुणा चिठ्ठी वाचतो, विचारतो आणि त्यातून धान्याविषयी बोलणे सुरू होते. त्यासाठी वाढणाऱ्या भगिनीने ताटाजवळ थांबावे.

घरच्या वाटपातून पुढे विक्री करावयाची झाल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार प्रथम नोंदणी करून घ्यावी आणि पाकिटावर घटक, वजन, तारीख व शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह छापावे. याबाबत नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

थोडक्यात, नग सारखे करावेत, पूर्ण गार करावेत, घट्ट भरावेत, कोरड्या पानावर मांडावेत व शेजारी आपल्या धान्याचे नाव लिहावे. या पाच गोष्टींना खर्च नाममात्र येतो. ज्या ज्वारीसाठी घरातील सर्वांनी डोंगरउतारावर घाम गाळला, तिला ताटात मानाची जागा मिळवून देणे आपल्याच हाती आहे.