गेम सर्व्हर, खाजगी

अनेक खेळाडूंनी आपापल्या संगणकावरून एकाच वेळी खेळावयाच्या खेळाची अधिकृत स्थिती सांभाळणाऱ्या आणि केवळ निवडक परिचितांनाच प्रवेश देणाऱ्या संगणकास, तसेच त्यावर चालणाऱ्या आज्ञावलीस, खाजगी गेम सर्व्हर असे म्हणतात. खेळ विकणाऱ्या कंपनीने चालविलेल्या सार्वजनिक सर्व्हरवर कोण येईल, नियम कोणते असतील व खेळ किती वर्षे चालू राहील, हे कंपनी ठरविते. खाजगी सर्व्हरवर हे अधिकार तो चालविणाऱ्याकडे येतात व त्यांबरोबर राखणीची जबाबदारीही येते. असा संगणक पूर्वी घरी किंवा शिक्षणसंस्थेत ठेवीत. मोठ्या विदाकेंद्रातील संगणकशक्ती महाजालामार्फत भाड्याने देण्याची क्लाउड ही पद्धत रूढ झाल्यापासून थोड्या खर्चात कोणासही तो उभारता येऊ लागला आहे.

तत्त्व : अशा खेळात प्रत्येक खेळाडूचा संगणक केवळ त्याचा हेतू कळवितो. ‘मी पुढे सरकलो’, ‘मी हा दगड फोडला’ असे संदेश सर्व्हरकडे जातात; सर्व्हर ते नियमांशी ताडून पाहतो, निकाल ठरवितो आणि बदललेली स्थिती सर्वांना पाठवितो. कबड्डीच्या सामन्यातील पंच व गुणलेखक या दोघांचेही काम तो एकटाच करतो, असे म्हणता येईल. माइनक्राफ्ट या खेळात ही आवर्तने सेकंदास २० वेळा होतात. म्हणजे प्रत्येक आवर्तनाचे काम ५० मिलिसेकंदांच्या आत उरकावे लागते. ते न उरकल्यास सर्वच खेळाडूंना खेळ मंदावल्याचे जाणवते. खेळाडूंनी बांधलेली घरे, साठविलेल्या वस्तू इ. गोष्टी सर्व्हरच्या तबकडीवर असतात, खेळाडूच्या संगणकावर नसतात. म्हणून सर्व्हर नष्ट झाला म्हणजे ते विश्वच नष्ट होते.

इतिहास : इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून पीडीपी–१० या संगणकावर विकसित केलेला ‘मड’ हा केवळ मजकुराच्या साहाय्याने खेळावयाचा खेळ या प्रकारातील आद्य खेळांपैकी एक होय. त्यात सर्व खेळाडू एकाच मध्यवर्ती संगणकाशी जोडलेले असत. १९९३ साली आलेल्या ‘डूम’ या खेळात चार खेळाडूंचे संगणक परस्परांना थेट जोडले जात. तेथे मध्यस्थ सर्व्हर नव्हता. १९९६ मधील ‘क्वेक’ या खेळाने सर्व्हर व खेळाडूचा संगणक अशी स्पष्ट विभागणी केली व सर्व्हर चालविण्याची मुभा खेळाडूंनाच दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या त्याच्या ‘क्वेकवर्ल्ड’ या आवृत्तीत खेळाडूच्या संगणकाने सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता हालचालीचा तात्पुरता अंदाज बांधावा व नंतर तो दुरुस्त करावा, ही युक्ती वापरण्यात आली. दूरच्या सर्व्हरवर वेगवान खेळ खेळणे त्यामुळे सुसह्य झाले.

ॲमेझॉन कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये तासाच्या हिशेबाने संगणक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. स्वीडनमधील मार्कुस पेर्सोन यांनी २००९ मध्ये लोकांपुढे आणलेल्या माइनक्राफ्टने खाजगी सर्व्हरची प्रथा शाळकरी मुलांपर्यंत पोहोचविली. या खेळाच्या सर्व्हरची आज्ञावली त्याची उत्पादक कंपनी मोजँग हीच विनामूल्य देते. यामुळे पुढील विवेचनात हाच खेळ उदाहरणादाखल घेतला आहे.

घरचा संगणक व क्लाउड : घरातील संगणकासही सर्व्हर करता येते, परंतु त्यात एक मूलभूत अडचण आहे. महाजालावरील जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ अंकस्थानांचे असल्याने ते सुमारे ४२९ कोटीच असू शकतात व आता ते अपुरे पडतात. म्हणून भारतातील अनेक सेवापुरवठादार शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा ग्राहकास बाहेर संपर्क साधता येतो. पण बाहेरच्या मित्रास त्याच्या संगणकापर्यंत थेट पोहोचता येत नाही. शिवाय वीज खंडित होणे, संगणक अहोरात्र चालू ठेवणे व घराच्या जालकाचे दार परक्यांसाठी उघडणे, हे प्रश्न आहेतच. भाड्याच्या संगणकास स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो व तो घरापासून वेगळा राहतो.

स्थानाची निवड : काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लक्ष किमी. वेगाने जातो. म्हणजे १,००० किमी. अंतरावरील सर्व्हरकडे संदेश जाऊन उत्तर येण्यास किमान १० मिलिसेकंद लागतात. मुंबईपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हर्जिनिया राज्य सरळ रेषेत सुमारे १३,००० किमी. दूर असल्याने तेथे हा किमान काळ १३० मिलिसेकंद होतो. वळणावळणाच्या मार्गामुळे व मधल्या यंत्रणांमुळे प्रत्यक्षात तो २०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. कितीही महागडा संगणक घेतला, तरी हा विलंब टळत नाही. म्हणून खेळाडू जेथे राहतात त्याच्या जवळचे विदाकेंद्र निवडणे, हा पहिला व सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे आपल्या क्लाउड सेवेची केंद्रे सुरू केल्याने महाराष्ट्रातील खेळाडूंना हा लाभ जवळच मिळतो. काही मित्र परदेशी असतील, तर विलंब सर्वांत समान वाटला जाईल असे मधले ठिकाण निवडणे इष्ट ठरते.

संगणकाची निवड : माइनक्राफ्टच्या मूळ सर्व्हरचे मुख्य काम प्रक्रियकाच्या एकाच गाभ्यावर चालते. म्हणून गाभ्यांच्या संख्येपेक्षा एका गाभ्याचा वेग अधिक महत्त्वाचा असतो. दहापर्यंत खेळाडूंसाठी दोन गाभे, ४ जीबी स्मृती व काही दशक जीबी साठवण सामान्यतः पुरेशी होते. स्मृतीचा सर्व भाग खेळास न देता सुमारे एक जीबी परिचालन प्रणालीसाठी राखून ठेवावा लागतो. तो न ठेवल्यास प्रणाली सर्व्हर अचानक बंद पाडण्याचा संभव असतो. तसेच, या खेळाची जावा आवृत्ती ही संगणकावर, तर बेडरॉक आवृत्ती ही प्रामुख्याने मोबाइल व खेळयंत्रे यांवर खेळली जाते व दोहोंचे सर्व्हर भिन्न असतात. सोबती कोणत्या साधनावर खेळणार, हे आधीच विचारून घेतल्यास पुढील श्रम वाचतात.

उभारणी : (१) भाड्याच्या संगणकावर लिनक्स ही विनामूल्य परिचालन प्रणाली निवडतात व त्यात शिरण्यासाठी संकेतशब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी तयार करतात. तिच्यातील गुप्त किल्ली मालकाच्या संगणकावरच राहते. (२) फायरवॉलमध्ये दोनच वाटा उघडतात : व्यवस्थापनासाठी २२ क्रमांकाचे पोर्ट, तेही शक्यतो मालकाच्या पत्त्यापुरते, आणि खेळासाठी २५५६५ क्रमांकाचे पोर्ट. (३) खेळासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते निर्माण करतात, म्हणजे सर्व्हरमध्ये कोणी घुसखोरी केली, तरी संपूर्ण संगणक सहजासहजी त्याच्या हाती जात नाही. (४) खेळाच्या आवृत्तीस अनुरूप असे जावाचे संस्करण बसवून सर्व्हरची आज्ञावली कंपनीच्या अधिकृत स्थळावरून उतरवून घेतात. (५) पहिल्यांदा चालविल्यावर सर्व्हर लगेच थांबतो व कराराची एक फाइल निर्माण करतो. करार वाचून तीत संमती नोंदविल्यानंतरच तो पुढे चालतो. (६) गुणधर्मांच्या फाइलमध्ये खेळाडूंची कमाल संख्या, काठिण्य, दिसणारे अंतर इ. बाबी ठरवितात. दिसणारे अंतर कमी केल्यास सर्व्हरवरील भार लक्षणीय प्रमाणात घटतो. (७) शेवटी संगणक पुन्हा सुरू झाल्यास सर्व्हर आपोआप सुरू व्हावा, अशी नोंद परिचालन प्रणालीत करतात.

सुरक्षा : सर्व्हरचा पत्ता गुप्त ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला, ही समजूत चुकीची आहे. महाजालावरील सर्व पत्ते क्रमाने तपासून उघडी पोर्टे शोधणाऱ्या आज्ञावली अखंड फिरत असतात. म्हणून खेळाडूंच्या खात्यांची सत्यता तपासण्याची मूळ व्यवस्था बंद करू नये व अनुमत खेळाडूंची यादी लागू करावी; यादीबाहेरील व्यक्तीस मग प्रवेश मिळत नाही.

आज्ञावली अद्ययावत ठेवण्याचे महत्त्व डिसेंबर २०२१ मध्ये प्रकर्षाने दिसून आले. नोंदी ठेवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या लॉगफोरजे या आज्ञावलीतील गंभीर दोष त्या वेळी उघडकीस आला. माइनक्राफ्टच्या संभाषणात विशिष्ट मजकूर टंकित केला, तरी सर्व्हरवर परकी आज्ञावली चालविता येत असे. मोजँगने तत्काळ सुधारित आवृत्ती काढली. पण ती बसविणे हे प्रत्येक खाजगी सर्व्हर चालविणाऱ्याचेच काम होते. संदेशांचा पूर लोटून सर्व्हर बंद पाडण्याचे हल्लेही या क्षेत्रात नेहमीचे आहेत. २०१६ मध्ये पसरलेली मिराई ही घातक आज्ञावली तयार करणाऱ्या तीन अमेरिकन तरुणांनी २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. माइनक्राफ्टचे सर्व्हर व ते भाड्याने देणारे व्यवसाय हे तिच्या प्रारंभीच्या लक्ष्यांपैकी होते.

खर्च : भाडे तासावर आकारले जात असल्याने उपयोग नसताना संगणक बंद ठेवणे हा काटकसरीचा मुख्य मार्ग होय. उदा., ताशी ४ रु. दर गृहीत धरल्यास महिनाभर, म्हणजे सुमारे ७३० तास, अखंड चालणाऱ्या संगणकास २,९२० रु. पडतील, तोच रोज तीन तास चालविल्यास ३६० रु. पुरतील. तथापि संगणक बंद असला, तरी साठवणीचे आणि बहुधा राखीव पत्त्याचेही भाडे चालूच राहते. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक जुन्या पद्धतीच्या सार्वजनिक पत्त्यास ताशी ०·००५ डॉलर आकार लावला आहे. विदाकेंद्राबाहेर पाठविलेल्या माहितीचाही वेगळा आकार असतो. ठराविक रकमेनंतर सूचना देणारी व्यवस्था पहिल्याच दिवशी चालू करावी. विसरलेला संगणक महिनोन्‌महिने बिल वाढवीत राहतो व ते सामान्यतः मालकालाच भरावे लागते.

जतन : क्लाउडमध्ये ठेवलेली गोष्ट आपोआप सुरक्षित राहते, हाही एक गैरसमज आहे. चुकीची आज्ञा, बिघडलेली फाइल किंवा बिल थकल्यामुळे बंद झालेले खाते, यांपैकी कशानेही विश्व नाहीसे होऊ शकते. प्रतिलिपी घेण्यापूर्वी सर्व्हरला लेखन थांबविण्याची व स्मृतीतील सर्व माहिती तबकडीवर उतरविण्याची आज्ञा देतात, नंतर विश्वाच्या फाइलींची प्रत काढतात व लेखन पुन्हा सुरू करतात. चालू लेखनाच्या मध्येच काढलेली प्रत निरुपयोगी ठरू शकते. किमान एक प्रत त्या क्लाउड खात्याच्या बाहेर, घरच्या संगणकावर किंवा सुट्या तबकडीवर असावी. प्रतीवरून खेळ खरोखर पुन्हा सुरू होतो की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

कायदेशीर बाजू : ज्या खेळाचा उत्पादक सर्व्हरची आज्ञावली स्वतः देतो, त्याचा खाजगी सर्व्हर कराराच्या अटी पाळून चालविणे वैध असते. उत्पादकाच्या संमतीविना त्याच्या सर्व्हरची नक्कल करणे हा निराळा प्रकार होय. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचे जुने रूप जपणारा ‘नोस्टॅल्रियस’ हा अनधिकृत सर्व्हर ब्लिझर्ड कंपनीच्या कायदेशीर मागणीमुळे एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. त्यावर मोठी लोकसंख्या नांदत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच खेळाचे जुने रूप पुन्हा उपलब्ध केले. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग प्रवर्तन व नियमन अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. त्यामुळे मित्रमंडळींच्या सर्व्हरवरही पैजेचे व्यवहार टाळणे आवश्यक आहे.

महत्त्व : खाजगी सर्व्हरचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. यूबीसॉफ्ट कंपनीचा २०१४ मधील ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ कंपनीच्या सर्व्हरवाचून चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद होताच ज्यांनी पैसे देऊन तो विकत घेतला होता, त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. त्यानंतर सुरू झालेल्या चळवळीतून यूरोपीय संघाकडे करण्यात आलेल्या नागरिकांच्या मागणीस २०२५ अखेर दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. सेवा बंद करताना खेळ खेळण्याजोगा ठेवण्याची सोय उत्पादकांनी करावी, असे या मागणीचे सूत्र आहे. याउलट ‘क्वेक’चे सर्व्हर प्रारंभापासूनच खेळाडूंच्या हाती होते आणि १९९९ मध्ये त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूरही खुला करण्यात आला; त्यामुळे तो आजही खेळता येतो. सामाईक विश्वाचे आयुष्य ते कोणाच्या ताब्यात आहे यावर अवलंबून असते, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. मित्रांच्या लहानशा सर्व्हरलाही हाच नियम लागू पडतो. तो चालविणारा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दूर गेला, तर किल्ल्या, प्रती व बिलाचा भार दुसऱ्या कोणाकडे सोपविलेला असावा लागतो. अन्यथा अनेकांनी मिळून वर्षानुवर्षे रचलेले विश्व एका बंद खात्याबरोबर लोप पावते.