बधिर पायांची आग

“डॉक्टर, टाचणी टोचलेली कळत नाही, मग पाय जळतात कसे?” मणक्याला मार लागून कमरेखाली लुळे झालेले रुग्ण मला असे विचारतात. घरच्यांना ते सोंग वाटते. सोंग नव्हे ते! मज्जारज्जूला इजा झाली की तिथल्या चेतापेशी आपणहून वेदनेचे संदेश धाडू लागतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नसतो. प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन अशी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात. आग पुरती विझेलच असे नाही. पण थोडी उतरली तरी माणूस पंगतीला बसतो, दुकानाचा हिशेब पुन्हा मागू लागतो. दुखणे एकाएकी वाढले तर मात्र लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, माकडहाडावरची जखम आधी पाहा. जखम त्याला जाणवत नाही, तुम्हाला दिसते.