डिस्क मेली म्हणण्याआधी

ताथवडे म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालये, पीजीच्या इमारती आणि हिंजवडीला नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या सोसायट्या. इथे घरटी एक लॅपटॉप, आणि तो सुरू झाला नाही की घरटी एक सल्लागार. सल्ला ठरलेला: ‘हार्ड डिस्क गेली. फॉरमॅट मारून बघ.’ या दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ नाही. डिस्क खरेच गेली असेल तर फॉरमॅटने ती बरी होत नाही. गेली नसेल तर आतला प्रोजेक्ट मात्र जातो.

पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आले म्हणजे डिस्क मेली, हा सर्वांत पक्का गैरसमज. त्या ओळीचा अर्थ इतकाच, की संगणकाने जिथे शोधले तिथे त्याला सुरू करण्याजोगे काही सापडले नाही. कधी पेनड्राइव्ह खोचलेला राहतो, कधी डिस्कची साटा केबल ढिली असते. जुन्या डेस्कटॉपमध्ये दोष अनेकदा मदरबोर्डवरच्या गोल सेलचा असतो. सीआर २०३२, फक्त ३ व्होल्टचा. तो उतरलेला असताना वीज गेली की तारीख मागे जाते आणि बायोसची सेटिंग्ज पुसली जातात. डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलल्यामुळे मग धडधाकट डिस्कवरचे विंडोजही उठत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहिली, की संध्याकाळी असे मशीन ‘मेलेले’ सापडू शकते. आधी बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. दिसत नसेल तर केबल आणि पोर्ट बदलून पाहावे.

‘व्हायरसच असणार’ हाही जुना संशय, आणि एके काळी तो रास्त होता. १९९१ मध्ये सापडलेला मायकेलअँजेलो व्हायरस बूट सेक्टरमध्ये दबा धरून बसायचा आणि ६ मार्चला डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहायचा. रहिमतपूरच्या कैलास काटकर यांच्या पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानातून आणि त्यांचे भाऊ संजय यांच्या प्रोग्रामांतून ‘क्विक हील’ ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली, ती याच दशकात. आता सिक्युअर बूटमुळे बूट सेक्टरची ती वाट बरीच अरुंद झाली आहे.

सर्वांत घातक सल्ला फ्रीजचा. टकटक आवाज करणारी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की आत दव धरते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीपासून हेड अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. तिथे पाण्याचा थेंब म्हणजे घातच. टकटक ऐकू आली की वीज तोडावी. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’ चालवणे म्हणजे मोडलेल्या पायाने पळायला लावणे. हिरवे सर्किट बदलण्याचा उपायही नव्या डिस्कवर सहसा चालत नाही, कारण त्यावरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कची मोजमापे असतात.

डिस्कच्या ‘स्मार्ट’ या स्वयंचाचणीत सगळे ठीक दिसते, म्हणून निर्धास्तही राहू नये. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख स्मार्ट खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. एसएसडी तर टकटकही करत नाही.

एक काम आजच करावे: लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बायोसचे सेटिंग बदलले तरी ती मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतले काहीच वाचता येत नाही.